काकूंच्या सीटवरची गोणी

गाडी वर्कशॉपच्या फाटकातून आत शिरली तेव्हाच माझं डोकं फिरलं. चार दारांची साधी घरगुती गाडी, मागच्या काचेला उन्हाची जाळी, आणि खाली बसवल्या होत्या शर्यतीच्या गाडीच्या आखूड, कडक स्प्रिंगा. पोट जमिनीला टेकायचं तेवढं बाकी होतं. असले थेर विशीतली पोरं करतात. आता एखादा गॉगलवाला उतरेल आणि मला शहाणपण शिकवेल, म्हणून मी हातातला पाना घेऊनच बाहेर आले. उतरले ते साठी उलटलेले गृहस्थ. शर्टाची बटणं गळ्यापर्यंत लावलेली, आणि बोटांच्या टोकांना गुलाबी मेण.

“काका, या वयात?” मी म्हटलं. “कुणावर छाप पाडायचीय?”

ते हसलेसुद्धा नाहीत. म्हणाले, “वळणावर आता झुकत नाही. पण खड्ड्यात गेली की टाळूपर्यंत ठोका बसतो. मला दोन्ही नकोय. झुकायला नको आणि आपटायलाही नको.”

“वा! आणि चालवायला पेट्रोलही नको असेल.”

“तसं नाही हो.”

“काका, दोन्ही डगरींवर हात ठेवता येत नाही. गाडी मऊ ठेवली की वळणावर कलते, कडक केली की आपटते. जगात सगळ्यांचं हेच रडगाणं आहे. एक काहीतरी निवडा आणि या.”

“निवडता आलं असतं तर तुमच्याकडे कशाला आलो असतो?” असं म्हणून ते टायरच्या चळतीवर बसले. मी बसा म्हटलं नव्हतं.

माझी जीभ तिखट आहे, हे आधीच सांगून टाकते. वर्कशॉप नवऱ्याचं. तो गेला, आणि स्प्रिंगा, शॉकर, चाकांची अलाइनमेंट हे सगळं माझ्या गळ्यात पडलं. हाताखाली माझे थोरले दीर. भाऊजी दिवसभरात चार वाक्यं बोलतात, त्यातली दोन नटबोल्टशी. मग गिऱ्हाइकांशी बोलायचं कुणी? मऊ बोलणाऱ्या बाईला या धंद्यात लोक कापून खातात. म्हणून मी अशी. पण त्या दिवशी त्या माणसाला मी हाकललं नाही, कारण तो ज्या तऱ्हेने बसला होता, त्या तऱ्हेने लोक दवाखान्याच्या बाकावर बसतात.

त्यांचा धंदा कवळ्या बनवायचा. दातांचा डॉक्टर तोंडाचं माप पाठवतो, आणि हे मेणात, साच्यात, एकेक दात बसवून कवळी करतात. भाऊजींनी त्याच दिवशी नाव पाडलं, कवळीवाले. पुढे मी काका म्हणायला लागले. ते मला मालकीणबाई म्हणायचे, पहिल्यांदा चिडवायला आणि नंतर सवयीने.

दुखणं गाडीचं नव्हतंच. घाटापलीकडच्या गावात काकूंची मोठी बहीण राहते. काका-काकू तिकडे निघाले होते. गाडीचे शॉकर कधीचे गळत होते. काकू म्हणत होत्या, “अहो, गाडी नावेसारखी डुलतेय, दाखवा कुणाला तरी.” हे म्हणत होते, पुढच्या महिन्यात. घाट उतरून गावाच्या तोंडाशी आले, तिथे एक उंच गतिरोधक. काही वेगही नव्हता. गाडी त्याच्यावर चढली आणि दाणकन खाली बसली, आणि काकू “आई गं” म्हणाल्या. तेवढंच. काकांना वाटलं दचकली. त्या मात्र बोलेचनात. पाठीचा मणका चेपला होता. हाडं आतून पोकळ झालेली असतात म्हणे या वयात, बाईला पत्ता नसतो.

तिथल्याच दवाखान्यात ठेवलं, आणि तिथून अॅम्ब्युलन्सने बहिणीच्या घरी नेलं, कारण ती नर्स होती आणि घर तळमजल्यावर. ठीकच झालं. पण अॅम्ब्युलन्समध्ये छताकडे बघत आडवं पडून जाताना काकूंनी निक्षून सांगितलं, की आता पुन्हा यात बसणार नाही. घरी जाईन ती आले तशीच, आपल्या गाडीत, आपल्या जागेवर, बसून.

“डॉक्टरांनी आता परवानगी दिलीय,” काका म्हणाले. “कमरेला पट्टा लावून बसू दे, म्हणाले. फक्त धक्के सांभाळा. मी विचारलं, किती धक्का चालेल? तर म्हणाले, तुम्हीच समजून घ्या. आता मी काय समजू?”

शॉकर बदलून उपयोग नाही, सगळंच बदलायला हवं, असं त्यांनी स्वतःच ठरवलं. घाटात गाडी कलते, माणूस कुशीवर फेकला जातो, ते काकूंना सोसणार नाही. मग शेजारच्या कुणा गाडीवेड्याला विचारून त्या कडक स्प्रिंगा घातल्या. वळणं बेस्ट. पण खाली गावातल्या रस्त्यावर आले, तर त्यांचीच कंबर धरली. आगीतून फुफाट्यात.

“मला तिला घरी आणायचंय, मालकीणबाई,” ते म्हणाले. “घर नुसतं खायला उठतं.”

मी भाऊजींना म्हटलं, “घ्या वर.” भाऊजींनी गाडी रॅम्पवर घेतली.

पहिल्यांदा आम्ही त्या शर्यतीच्या स्प्रिंगा काढल्या आणि कंपनीच्या मूळ उंचीच्या बसवल्या. शॉकर घातले ते वर गोल चकती असलेले, फिरवली की कमी-जास्त कडक होतात तसले. मी त्यांना समजावलं, “स्प्रिंग गाडीचं वजन पेलते. शॉकर तिला आवरतो. शॉकर नसेल तर स्प्रिंग एकदा दबली की नाचत राहते, तुमची नाव झाली होती ती त्यामुळे. आता राहिलं वळणावरचं झुकणं. त्याला स्प्रिंग कडक करायची नाही. डावं आणि उजवं चाक एका दांडीने बांधतात, तो बार जरा जाड घालायचा. गाडी एका बाजूला कलायला लागली की तो बार तिला धरतो. सरळ रस्त्यावर तो गप्प असतो.”

“बार जाड म्हणजे किती जाड?”

“बघू या घालून.”

“बघू या चालणार नाही. आमच्यात तसं नसतं.” आणि मग त्यांनी मला कवळी कशी बसवतात ते सांगितलं. कवळी तोंडात घातली की माणसाला निळ्या कागदाची पट्टी चावायला देतात. जिथे दात जास्त लागतो तिथे निळा डाग उमटतो. तेवढाच कानसायचा. पुन्हा कागद, पुन्हा डाग, पुन्हा कानस. एका वेळी एकच जागा. “दोन ठिकाणी हात घातला की कशाने काय झालं ते कळत नाही,” ते म्हणाले.

“आणि गाडीला काय चावायला देणार?” मी विचारलं.

पुढच्या खेपेला आले, तर पुढच्या डाव्या सीटवर पट्टा लावून बसवलेली वाळूची गोणी. वर पांढरं फडकं घट्ट शिवलेलं. दाराच्या आतल्या बाजूला ती निळ्या कागदाची पट्टी चिकटवलेली, मधल्या बाजूलाही एक. वळणावर गोणी जिकडे फेकली जाईल तिकडे फडक्याला निळा डाग. सीटवर पाट, पाटावर गुलाबी मेणाचा जाड थर, आणि गोणीच्या बुडाला आतून शिवलेल्या दोन गोट्या. धक्का बसला की गोट्या मेणात रुतणार, जितका धक्का मोठा तितका खळगा खोल. आणि गोणीचं वजन बरोब्बर काकूंचं. ते कसं ठरवलं, असं मी विचारलं तर म्हणाले, “आता मला माहीत नसणार तर कुणाला असणार?”

मी आणि भाऊजी एकमेकांकडे बघत राहिलो. भाऊजी म्हणाले, “डोकं आहे.” हे त्यांचं त्या दिवशीचं तिसरं वाक्य असावं.

मग ते सुरू झालं. दर रविवारी काका गोणीला घेऊन घाट चढायचे आणि सोमवारी माझ्याकडे हजर. फडकं उलगडून दाखवणार, “हे बघा, इथे अजून लागतंय.” आम्ही बार बदलला. जाड घातला, तर गाडी वळणावर ताठ गेली, पण एकच चाक खड्ड्यात गेलं की बार दुसऱ्या बाजूलाही ओढतो, आणि गोणी इकडून तिकडे डोलते. फडक्याच्या दोन्ही कडा निळ्या. “ही मान हलवतेय,” काका म्हणाले, “नको.” मग मधल्या जाडीचा आणला. टायरवाला त्यांच्या गळ्यात रुंद, चपटे टायर मारत होता, दिसायला झकास. मी फोनवरच त्याला झाडलं, “चपट्या टायरात हवेची उशी कुठे राहते? उंच कडेचेच दे.” सांध्यांमधले रबराचे बुश झिजले होते. बाजारात त्याच्या जागी कडक प्लास्टिकचे मिळतात, त्याने गाडी स्टिअरिंगचं नीट ऐकते, पण रस्त्याचा प्रत्येक खडा सीटपर्यंत पोचतो. म्हणून रबराचेच घातले. मग शॉकरच्या चकत्या. पुढे एक खाच घट्ट, मागे एक सैल. पुन्हा घाट. पुन्हा फडकं.

खरं सांगते, मला मजा यायला लागली होती. आमच्याकडे येणारे सगळे गाडी पळवायला येतात, नाहीतर मिरवायला. एका बाईला घरी आणायला म्हणून इतका खल करणारा माणूस मी पाहिला नव्हता. सोमवारी उशीर झाला तर मीच भाऊजींना विचारायचे, “आले नाहीत का हो अजून?” आणि भाऊजी हसायचे. चांगले नाकाने कांदे सोलायचे हो काका, पण त्यांच्यामुळे सोमवार बरा जायचा.

असे महिने गेले. मेणातले खळगे उथळ झाले. फडक्यावर डाग म्हणजे नुसती निळसर झाक. मी म्हटलं, “झाली गाडी. आणा काकूंना.”

“अजून जरासं आहे.”

पुढच्या सोमवारी पुन्हा म्हटलं. पुन्हा, “अजून जरासं आहे.” आता मला ते जरासं दिसेना. म्हणून मी म्हटलं, “येत्या रविवारी मी येते तुमच्याबरोबर. मला बघायचंय काय राहिलंय ते.”

गेले. मला मागे बसवलं. पुढे गोणीचा मान. मी म्हटलं, “काका, धंद्यात इतकी वर्षं काढली, पण गोणीने मला मागे बसवलं नव्हतं कधी.” ते हसले, पण गोणी काही हलवली नाही. घाट सुरू झाला. गाडी अशी चालत होती, की माझ्याच हातची आहे यावर माझा विश्वास बसेना. वळणावर अंग सीटवरून सरकत नव्हतं. फुटका रस्ता आला की खालून नुसता आवाज, आत काही नाही. मी मनात म्हटलं, अगं बाई, जमलं की आपल्याला! आणि काका काय चालवत होते! वळणाच्या आधीच वेग उतरवायचा, मग स्टिअरिंग एकदाच आणि हळू. वळण संपेपर्यंत पुन्हा हिसका द्यायचा नाही. सबंध रस्ता त्यांना पाठ झाला होता.

वर खिंडीत आले आणि त्यांनी गाडी कडेला घेतली. इंजिन बंद केलं. खाली ते गाव. पांढरी पाण्याची टाकी, शाळेचं लांब छप्पर, मधून जाणारा रस्ता.

“टाकीच्या मागे लाल पत्रा दिसतो?” काका म्हणाले. “ते मेहुणीचं घर. खिडकी या बाजूला आहे.”

“चला मग,” मी म्हटलं. “काकूंना बघू तरी द्या मला.”

ते उतरले, फडकं तपासलं, मेण तपासलं, पुन्हा आत येऊन बसले, आणि गाडी वळवायला लागले. आल्या वाटेला!

“अहो, हे काय?”

“मी इथूनच परत जातो.”

“दर रविवारी?”

त्यांनी मान हलवली. माझा आधी विश्वासच बसेना, आणि मग जो राग आला म्हणता! “काका, ताकाला जाऊन भांडं लपवता? घाट चढून येता, खिडकी बघता, आणि खाली उतरत नाही? बायको आहे ना ती तुमची?”

त्यांनी गाडी पुन्हा बंद केली. मग म्हणाले, “सुरुवातीला जायचो. मी आलो की ती पिशवी भरून ठेवायची. कपडे, औषधं, चष्मा. मांडीवर पिशवी घेऊन पलंगाच्या कडेला बसलेली असायची. म्हणायची, न्यायला आलात ना? मी म्हणायचो, गाडी अजून व्हायचीय. मग ती पिशवी उपसून एकेक कपडा पुन्हा कपाटात ठेवायची. माझ्यादेखत. शेवटच्या खेपेला मीच म्हणालो, आता येईन तो न्यायलाच येईन. तेव्हापासून नाही गेलो. फोन करतो रोज.”

“पण गाडी झालीय आता! हा घ्या रस्ता, हे घ्या गाव. आत्ता उतरा.”

“तो गतिरोधक आहे ना खाली,” ते म्हणाले. “त्याच्यावरून मी गोणी अजून नेली नाही.”

“मग न्या!”

“धीर होत नाही.”

दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, हे मला कळतं. पण माझंही डोकं ठिकाणावर नव्हतं. मी म्हटलं, “तुम्हीच सांगितलं होतं ना, कवळी शेवटी तोंडात घातल्यावरच कळते? साच्यात कितीही घासा. मग वाळूवर काय घासत बसलाय? आणि ऐका, माझं माणूस ज्या गावाला गेलंय तिथे रस्ता जात नाही. असता तर चार चाकं चौकोनी असती तरी गेले असते मी. तुमचं माणूस एका उताराच्या अंतरावर बसलंय, आणि तुम्ही इथे मेणातले खळगे मोजताय!”

बोलून गेले. असलं कुणासमोर मी बोलत नाही. काकांनी मागे वळून बघितलं, आणि गाडी आल्या वाटेलाच वळवली. उतरताना माझंही अंग सीटवरून सरकलं नाही, पण त्याचं आता कौतुक वाटेना.

सोमवारी काका आले. मी हातातल्या कामातून डोकं वर काढलं नाही. भाऊजींना म्हणाले, “मागच्या शॉकरची चकती अजून अर्धी खाच सैल करून बघू या का?” भाऊजींनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, “करा. त्यांची गाडी, त्यांची गोणी.” अर्धी खाच नसतेच मुळी. भाऊजी मागचं चाक काढून खाली बसून काहीतरी करत राहिले.

त्यानंतरच्याच आठवड्यातली गोष्ट. दुपारची वेळ. काका आलेले. गाडी रॅम्पवर, एक चाक काढलेलं, काका खाली उभे राहून हातदिवा धरून बुश बघत होते. आमच्या समोरच बसथांबा आहे. बस येऊन गेली. धूळ बसल्यावर बघते, तर रस्ता ओलांडून एक बाई येतेय. एका हातात काठी, दुसऱ्या हातात कापडी पिशवी. कमरेला साडीवरून रुंद पट्टा आवळलेला. एक पाऊल टाकायची, थांबायची, ओठ आवळायची, पुन्हा एक पाऊल. मी धावले पुढे. ओळख सांगायची गरजच नव्हती. पण गोणीच्या मानाने फार बारीक वाटल्या मला.

“कवळ्या करणारे इथे असतात ना?” त्यांनी विचारलं. “घराला कुलूप असणार. फोनवर रोज इथलंच सांगतात, म्हणून वाटलं इथेच सापडतील.”

मी पिशवी घेतली. आतून काकांचा आवाज आला, “मालकीणबाई, हा उजवा बुश जरा...” आणि ते वळले. हातदिवा पडला त्यांच्या हातातून.

“तू?” ते म्हणाले. “कशी आलीस?”

“बसने. बसथांबा समोरच आहे की तुमचा.”

“बसने? त्या रस्त्याने? अगं, मागच्या सीटवर बसली असशील, धक्के... वेडी आहेस का तू? दुखलं असेल ना?”

“दुखलं,” काकू म्हणाल्या. “खिंडीपर्यंत दुखलं, खिंडीनंतर आणखी दुखलं. प्रत्येक खड्डा मोजला मी. पण वर आल्यावर तुमची ती जागा बघितली.”

काकांचा चेहरा उतरला. “कुणी सांगितलं?”

“बसचा ड्रायव्हर ताईच्या शेजारी राहतो. काल बोलता बोलता म्हणाला, काकू, तुमचे यजमान दर रविवारी खिंडीत गाडी लावून बसतात, शेजारी गोणीला पट्टा लावून. मला आधी वाटलं, दुसरं कुणी असेल. मग म्हटलं, असला खुळेपणा दुसरा कोण करणार?” त्यांनी काठी दुसऱ्या हातात घेतली. आवाज चढला नव्हता. “मी तिथे खिडकीत बसलेली असते हो रविवारी. रविवारी तरी येतील म्हणून. आणि तुम्ही माझ्या जागेवर गोणी बसवून हवा खायला आणता? तिला फिरवता, आणि मला नाही?”

“तुला पुन्हा काही झालं असतं तर...” काका म्हणाले.

“हाड माझं मोडलं, आणि धास्ती तुम्ही घेतलीत. मला धक्के चालले असते. तुम्ही यायला हवं होतं.”

काका तिथेच, रॅम्पच्या खांबाला टेकून, रडायला लागले. मोठ्या माणसाने रडावं तसं नाही, हुंदके देऊन. तोंडावर हात घेतला, तर मेण आणि ग्रीस दोन्ही लागलं तोंडाला. मी कपाटात काहीतरी शोधायला गेले, जे तिथे नव्हतं. भाऊजी मात्र शहाणे. त्यांनी काकूंना खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि कुणी न सांगता चाक बसवून, बोल्ट आवळून गाडी खाली घेतली. मग पुढचं दार उघडून गोणीचा पट्टा सोडला, तिला उचलून भिंतीशी नेऊन टाकली, आणि मेणाचा पाटही काढला.

“बसा, वहिनी,” ते म्हणाले.

काकूंना बसवायला वेळ लागला. आधी पाठमोऱ्या टेकल्या, मग एक पाय, मग दुसरा. काकांनी पट्टा लावला, पुन्हा सोडला, पुन्हा जरा सैल लावला. पिशवी त्यांनी मांडीवरच घेतली. मग काका पलीकडून येऊन बसले आणि गाडी सुरू झाली.

आमच्या फाटकात गटारावर लोखंडी झाकण आहे. एका कडेने वर आलंय, प्रत्येक गाडी त्याच्यावरून जाताना बसते. मी कितीदा म्हटलं असेल नीट करून घेऊ, पण राहिलं. काका तिथपर्यंत आले आणि थांबले. इंजिन चालू, गाडी जागच्या जागी. मी भाऊजींकडे बघितलं. फळी टाकू या का, असं मी खुणेने विचारलं, तर त्यांनी नको म्हणून मान हलवली.

“चला ना,” काकूंचा आवाज आला. “घरी जायचंय मला.”

गाडी हललीच नाही. काकांचे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते, आणि मागून मला त्यांचे खांदे दिसत होते, कानापर्यंत चढलेले. मग काकूंनी पिशवीवरचा एक हात काढला आणि त्यांच्या हातावर ठेवला. गाडी अगदी सावकाश पुढे सरकली, पुढची चाकं झाकणावर चढली आणि खाली उतरली. आमच्या इतक्या महिन्यांच्या मेहनतीने जितका कमी करता येतो तितका कमी केलेला धक्का होता तो. तरी होताच.

“आई गं,” काकू म्हणाल्या.

ब्रेक करकचून लागला. काका वळून त्यांच्याकडे बघत होते. “दुखलं?”

“हो, दुखलं,” काकू म्हणाल्या. “पुढे बघून चालवा.”